चार चाकांचे चार मानकरी

दोन्या सातुर्निनाच्या गाडीची चाकं आत गेलेली आहेत, हे तिला सांगितलं कोमाद्रे प्रिमितिवाने, आणि सांगायला जागा निवडली ती स्मशानाची. शवपेटी खाली उतरत होती, पाद्रीबाबा पाणी शिंपडत होते, सगळ्यांच्या माना खाली होत्या. अशा वेळी माणसाने मरणाचा विचार करावा. प्रिमितिवा सातुर्निनाच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "कोमाद्रे, राग मानू नका. येताना तुमच्या गाडीच्या मागे होते मी. मागून ती गुडघे जुळवून परसाकडे निघालेल्या म्हातारीसारखी दिसते हो."

सातुर्निनाने मान वर केली नाही. मेलेल्याचा मान राखायचा असतो. पण तिने पेटीवर टाकलेली मूठभर माती इतकी जोरात पडली, की पाद्रीबाबांनी एकदा खड्ड्यात डोकावून पाहिलं.

गल्लीला ती दोन्या, म्हणजे बाईसाहेब; पण प्रिमितिवाशी तिचं नातं पक्कं होतं. सातुर्निनाच्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी प्रिमितिवाने हातावर धरलं होतं आणि प्रिमितिवाच्या धाकट्याला सातुर्निनाने, म्हणून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. बहिणीशी बोलणं टाकता येतं. नवऱ्याला तर घरात ठेवूनही टाकता येतं. कोमाद्रेला टाकता येत नाही, कारण मध्ये देव साक्षीला असतो. म्हणून ही नाती फार टिकतात आणि फार टोचतात.

एरवी सातुर्निनाने हे बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्या कानात साठवून ठेवलं असतं. पण तीन आठवड्यांवर गल्लीची जत्रा आली होती आणि यंदा यजमानपद तिचं होतं. त्यासाठी तिने अकरा वर्षं वाट पाहिली होती. अ‍ॅल्युमिनियमची पातेली विकून विकून तिने पठारावरच्या एल आल्तो शहराच्या त्या वाऱ्यात तीन मजली घर उभं केलं, तिसऱ्या मजल्याला निळ्या काचा लावल्या. पण माणसाची उंची मजल्यांवर मोजत नाहीत. ती मोजतात मिरवणुकीत. सगळ्यात पुढे यजमानाची गाडी, टपावर मारियामाता, अंगावर घरातली सगळी चांदी, मागे दोन बँड आणि त्यामागे तीनशे नाचणारे. त्या गाडीबद्दल गल्ली वर्षभर बोलते. गेल्या वर्षी ती प्रिमितिवाची होती. आणि प्रिमितिवाची गाडी, खोटं कशाला बोला, मागून भरदार दिसायची.

सातुर्निनाची गाडी म्हणजे जपानहून आलेली जुनी स्टेशन वॅगन. तिचं स्टिअरिंग मुळात उजवीकडे होतं. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून आल्यावर ते उपटून डावीकडे लावलं. उजवीकडे जे भोक राहिलं त्यात तिचा नवरा सिरिलो शेंगदाण्याची टरफलं टाकायचा.

घरी येऊन तिने गाडी फाटकातून पाहिली, रस्त्यापलीकडून पाहिली, मग सिरिलोला बोलावलं. "हिच्याकडे मागून बघून काय वाटतं?"

सिरिलोने आधी गाडीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि चौतीस वर्षांच्या संसाराचा अनुभव पणाला लावून म्हणाला, "तुला वाटतं तेच."

उपाय सुचवला जावयाने. हा ग्रोव्हर मिनीबस चालवायचा आणि गाड्यांबद्दल सगळं माहीत असल्यासारखा बोलायचा. त्याच्या मते चाकांच्या आतून स्पेसर घातले की काम होणार होतं. स्पेसर म्हणजे, चाक ज्यावर आवळतात तो हब आणि चाक यांच्या मध्ये बसवायची जाड चकती. चाक तेवढं बाहेर येतं आणि गाडी पाय फाकवून उभी राहते.

"पैलवानासारखी?" सातुर्निनाने विचारलं.

"अगदी."

मिस्त्री इलारियोन हा गल्लीतला एकटाच माणूस होता ज्याचं सातुर्निना मध्ये न बोलता ऐकून घ्यायची. त्याने हातातला पाना खाली ठेवला, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"बसवता येतील," तो म्हणाला. "पण चारही चकत्या एका घरच्या हव्यात, एका मापाच्या. मधलं भोक हबवर गच्च बसलं पाहिजे. चकती आणि हब यांच्या मध्ये काही म्हणजे काही नको. गंज नको, रंग नको, डोक्यावरचा केसही नको. नट आधी हाताने फिरवायचे, मग पान्याने, एक इकडचा तर पुढचा समोरचा. आणि ऐंशी किलोमीटर गाडी फिरवून परत माझ्याकडे यायचं. परत आवळायचे."

"परत का? पहिल्यांदा नीट आवळत नाही का तुम्ही?"

"नवी सून पहिल्या दिवशी असते तशीच राहते का, दोन्या? थोडी चालू द्यावी लागते. मग कळतं कुठे सैल आहे."

हे सातुर्निनाला लगेच पटलं. तिला सून नव्हती, पण सुनांबद्दलची मतं सगळी तयार होती.

इथवर सगळं सरळ होतं. एका माणसाने बाजारात जाऊन एका दुकानातून चार चकत्या आणल्या असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. पण जत्रेची वस्तू कोणी आपली आपण विकत आणत नाही. तिला मानकरी लागतो. केकचा मानकरी, बँडचा मानकरी, मातेच्या नव्या झग्याची मानकरीण. फटाक्यांचा मानकरी वेगळा आणि ते पेटवायच्या सिगारेटींचा वेगळा. मानकऱ्याने वस्तू वाजतगाजत आणायची, यजमानाने त्याला चारचौघांत बियर पाजायची, आणि त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढंच, शक्य तर थोडं जास्तच, परत न्यायचं. ह्याच्यावर गाव चालतं.

"आई, चारही चकत्या एकालाच सांगा," ग्रोव्हर म्हणाला. "मिस्त्रींनी सांगितलंय ना, एका घरच्या."

"एकालाच चार मान दिले तर तो माझ्या डोक्यावर बसेल. चाकं चार आहेत, चार घरं माझ्याशी बांधली जातील. तुला एवढं कळत नाही म्हणून तू अजून दुसऱ्याची मिनीबस चालवतोस."

जावयाने बोलू नये असं नाही. पण ह्या घरात ते कोणी ऐकल्याची नोंद नव्हती.

मानकरी ठरले असे. एक, निकानोर खाटीक, तोही बाप्तिस्म्याच्याच नात्यातला, म्हणून कोंपाद्रे. दोन, सिरिलोचा भाऊ सेवेरो. तीन, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे मास्तर इबान्येस. आणि चौथी प्रिमितिवा. तिला वगळलं असतं तर ती म्हणाली असती, 'घाबरली.' म्हणून तिला सगळ्यात आधी सांगितलं.

जत्रेच्या आधीच्या रविवारी चौघं आले. एकेकाने सातुर्निनाच्या टोपीवर मूठ मूठ रंगीत कागदाची फुलं उधळली, बियरच्या पेट्या अंगणात ठेवल्या आणि रिबीन बांधलेलं आपलं पुडकं पुढे केलं. निकानोरची चकती दोन बोटं जाड होती आणि तिचं मधलं भोक एवढं मोठं, की त्यातून डुकराचं तंगडं आरपार गेलं असतं. सेवेरोची चकती पातळ, प्रसादाच्या पापडीपेक्षा जरा बरी. मास्तरांची एक बोट, सोबत माहितीपत्रक, त्यातल्या महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा. आणि प्रिमितिवाची चकती तिच्यासारखीच निघाली: सगळ्यांत जाड, चकाकती लाल, वर स्वतःचं नाव कोरलेली.

सातुर्निनाने प्रत्येक चकती हातात घेतली, तोलली, टिचकी मारून कानाशी नेली. तीस वर्षं पातेली विकणाऱ्या बाईला धातू बोललेला कळतो. सेवेरोची चकती भंगार ओतून केलेली होती. आत बुडबुडा होता. असलं पातेलं तिने शत्रूलाही विकलं नसतं, निदान पूर्ण भावाला नसतं. पण दीर समोर उभा होता, डोळे भरून आलेले होते, आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं मानकऱ्याशी बोलता येत नाही. "फारच सुंदर," ती म्हणाली, आणि चौघांना तेच म्हणाली.

मिस्त्री इलारियोनने त्या चार चकत्या ओळीने मांडल्या, त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि हात धुवायला गेला.

"काय झालं?"

"ह्या बसवल्या तर गाडी सरळ रस्त्यावर वळेल आणि वळणावर सरळ जाईल. मी बसवणार नाही."

"मिस्त्री, मी कुणाची परत करू? ज्याची परत करीन तो माझ्या मयतालाही यायचा नाही."

"माझी चकती नाही त्यात," मिस्त्री म्हणाला. "मी येईन."

हा धक्का मोठा होता. गेल्या वीस वर्षांत तिला तोंडावर नाही म्हणणारा हा पहिलाच. तिने चकत्या ओच्यात बांधल्या आणि घरी येऊन जावयाला सांगितलं, "तू बसव. तुला सगळं येतं ना?"

सोमवारी अंगणात गाडी जॅकवर चढली आणि चारही मानकरी खुर्च्या टाकून बसले. ज्याचा मान त्याचं मत. निकानोर म्हणाला, मोठ्या भोकात चामडं कोंबा. सेवेरो म्हणाला, वंगण फासा, सगळं गुण्यागोविंदाने बसतं. मास्तर माहितीपत्रक मोठ्याने वाचत होते आणि 'हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करावा' या वाक्याशी आले तेव्हा ब्रश आणायला कोणी उठलं नाही. कारण प्रश्न वेगळाच निघाला होता. पुढची चाकं कुणाची? मागच्या चाकाचा मान घ्यायला कोणी तयार नव्हतं. प्रिमितिवा म्हणाली, "मी गेल्या वर्षीची यजमानीण. मला मागे लावणार? मग डिकीतच टाका की." शेवटी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. पुढे प्रिमितिवा आणि सेवेरो आले, मागे निकानोर आणि मास्तर, म्हणजे देवाने जेवढं वाकडं करता येईल तेवढं केलं.

जाड चकत्या स्वतःच्या बोल्टसकट आल्या होत्या; सेवेरोच्या पातळ चकतीला ते नव्हते, तिच्यातून गाडीचेच बोल्ट जेमतेम बाहेर आले आणि त्यांवर नट कसाबसा तीन आटे फिरला. "तीन पुरे," सेवेरो म्हणाला. "बाप, पुत्र, पवित्र आत्मा, तेही तीनच."

प्रिमितिवाच्या लाल चकतीची पाळी आली तेव्हा सातुर्निनाने ग्रोव्हरला पाणी आणायला पिटाळलं, खुर्च्यांकडे पाठ करून हबसमोर वाकली आणि चोळीतून पत्र्याचा एक बिल्ला काढून चकतीच्या मागे सारला. संताचा मंतरलेला बिल्ला, त्याला कोकाचं एक पान गुंडाळलेलं. ज्या बाईची नजर स्मशानातही दुसऱ्याच्या गाडीच्या बुडाखाली जाते, तिची वस्तू उघड्यावर लावायची नसते. मग सगळ्यांनी चाकांवर बियर ओतली, उरलेली धरणीमायला पाजली आणि त्याहून उरलेली स्वतःला.

दुरून गाडी पैलवानासारखी दिसत होती. जवळून एका पायात बूट आणि एका पायात सपाता घातलेल्या पैलवानासारखी.

पण वर्षाची गाडीतपासणी झाल्याशिवाय मिरवणुकीचा परवाना मिळत नाही, आणि परवान्याची शेवटची तारीख होती बुधवार. तपासणीच्या फाटकावर पहिली गोष्ट कळली ती ही, की कागद पिवळ्या फाइलमध्ये हवेत. सातुर्निनाची फाइल हिरवी होती. पिवळी विकणारी बाई तिथेच फाटकाला टेकून बसली होती, जणू तिला रात्री दृष्टांत झाला होता. पिवळी घेतली. मग आत पत्र्याची पकड लागते असं निघालं. ती दुसरी बाई विकत होती, पहिलीची बहीण.

अधिकारी जेवून आला, फाइल उलटसुलट केली आणि गाडीच्या पुढ्यात उभा राहिला. बराच वेळ राहिला.

"ही गाडी येतेय की वळतेय?"

"उभी आहे," सातुर्निना म्हणाली.

"उभी अशी?"

"तुमच्याकडे बघून लाजली असेल."

अधिकारी हसला नाही. त्याने खाली बसून प्रत्येक चाकाशी वीत लावून पाहिली, आणि चार वेळा वेगळी वीत भरल्यावर स्वतःच्या हाताकडे संशयाने पाहिलं. मग लिहिलं: चाकं नीट बसवल्याचा मिस्त्रीचा दाखला आणावा, दाखल्याबरोबर मिस्त्रीच्या ओळखपत्राची झेरॉक्स, पिवळ्या फाइलमध्ये.

"फाइल आहे की."

"ती गाडीची. मिस्त्रीची वेगळी. शुक्रवारपर्यंत मुदत देतो, कारण तुम्ही यजमानीण आहात."

परतताना ग्रोव्हर चालवत होता, सातुर्निना पुढे, सिरिलो मागे. रस्त्यात मिनीबसची रांग असल्यामुळे गाडी माणसाच्या चालीने चालली होती. वेगात असती तर हे हसत सांगण्यासारखं राहिलं नसतं. डावीकडून बारीक टकटक येत होती.

"काहीतरी बोलतंय," सिरिलो म्हणाला.

"तू गप्प बसलास तर कळेल कोण बोलतंय."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सातुर्निनाला त्यांच्या पुढून एक चाक एकटंच जाताना दिसलं. डुलत, मजेत, कुठे बोलावणं असल्यासारखं. "ग्रोव्हर, बघ," ती म्हणाली, "कुणाचं तरी चाक चाललंय. काय माणसं असतात, चार चाकं सांभाळता येत नाहीत."

मग गाडीने डाव्या बाजूला नमस्कार घातला आणि रस्ता किंचाळला.

चाक थांबलं नाही. ते उतारावरून खाली गेलं, तिथे समोरासमोर मांडलेल्या दोन बाकांवर दोन म्हाताऱ्या सूप पीत होत्या. चाक त्यांच्या मधून, गुडघ्यांना न शिवता गेलं आणि गोठवून वाळवलेल्या बटाट्यांच्या पोत्यावर आदळून आडवं झालं. एक म्हातारी चमचा हवेत धरून तशीच बसली. दुसरी म्हणाली, "गेलं?" आणि सूप पिऊ लागली.

सातुर्निना खाली उतरली. तिने त्या दोघींच्या गुडघ्यांमधली जागा पाहिली, हातभरही नव्हती. बाजारात लोक ओरडले, दुकानं जळाली, सरकारं बदलली, तेव्हा ती हलली नव्हती. आता तिने टोपी सरळ केली. टोपी सरळच होती.

पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. चारही मानकरी धावत आले आणि एकच प्रश्न विचारत होते, "कुणाचं?" लोळलेल्या चाकाला लाल चकती तशीच चिकटलेली होती.

"माझं नाही," निकानोर म्हणाला, आणि त्याने छातीवर क्रूस केला.

"माझ्यावर हसत होतात ना, पातळ म्हणून?" सेवेरो म्हणाला. "बघा, पातळ उभी आहे अजून."

प्रिमितिवा पुढे आली. आपली लाल चकती पाहून तिचा चेहरा राखेसारखा झाला. "मी सगळ्यांत चांगली मागितली होती," ती हळूच म्हणाली, कुणालाच नाही. "तीन दुकानं फिरले."

मिस्त्री इलारियोन गर्दीतून वाट काढत आला, उघड्या हबशी उकिडवा बसला आणि बोटाने काहीतरी खरवडलं. मग उठून त्याने सातुर्निनाचा हात धरला, जणू तब्येत विचारतोय, आणि तिच्या मुठीत काहीतरी ठेवलं. चपटा झालेला पत्र्याचा बिल्ला. "मध्ये काही नको म्हटलं होतं," तो तिच्यापुरतं म्हणाला, आणि दुसरीकडे बघू लागला.

आता सातुर्निनाने फक्त गप्प बसायचं होतं. बस, एवढंच. प्रिमितिवाची चकती सुटली, मातेच्या गाडीचं चाक तिच्यामुळे गेलं, हे गल्ली तिच्या नातवंडांच्या लग्नात सांगणार होती. अकरा वर्षांत सातुर्निनाने देवाकडे जे जे मागितलं होतं ते सगळं त्याने एका चाकावर ठेवून पाठवलं होतं. तिने मूठ आवळली. बिल्ल्याची कड तळव्यात रुतली. पलीकडे म्हातारी चमच्याने वाटी खरवडत होती.

"चकती नाही सुटली," सातुर्निना म्हणाली. "मी सोडवली."

तिने मूठ उघडली. माणसं वाकून पाहू लागली. "हा मी तिच्या मागे घातला होता. म्हणून ती बसली नाही. मिस्त्रींनी सांगितलं होतं तरी घातला."

सिरिलोचा जबडा खाली आला. चौतीस वर्षांत बायकोने चूक कबूल केलेली त्याने ऐकली नव्हती, आणि असं काही असतं हे त्याला माहीत नव्हतं.

"कशासाठी?" प्रिमितिवाने विचारलं.

"तुमच्या नजरेसाठी, कोमाद्रे."

प्रिमितिवाच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. "माझ्या नजरेत एवढा जोर असता," ती म्हणाली, "तर चाकावर वाया घालवला असता का मी? तुमचा तिसरा मजला पाडला असता. त्या निळ्या काचा मला दोन वर्षं झोपू देत नाहीत."

कोणीतरी हसलं. पण सातुर्निनाचं संपलं नव्हतं. तिला एक गोष्ट नव्यानेच कळत होती: अब्रू गेली की माणूस फार हलका होतो, आणि हलक्या माणसाला काहीही बोलता येतं. "आता माझी गेलीच आहे तर ऐका," ती म्हणाली. "कोंपाद्रे निकानोर, तुमच्या चकतीचं भोक वासरू विण्याएवढं आहे. सेवेरो, तुझी भंगाराची आहे, मला टिचकी मारल्याबरोबर कळलं होतं. मास्तर, तुमची एकट्याची बरोबर आहे, पण एका बरोबर चकतीवर गाडी चालत नाही. सगळ्या काढायच्या. ज्याला रुसायचं त्याने आत्ताच रुसावं, माझ्याकडे वेळ नाही. उद्या चौघं मिस्त्रींबरोबर बाजारात जायचं आणि एका दुकानातून एका मापाच्या चार आणायच्या. मान प्रत्येकाचा, निवड मिस्त्रींची."

सेवेरो रुसायला निघाला होता, पण बाकीचे तिघं रुसत नाहीत असं पाहून थांबला. एकट्याने रुसण्यात राम नसतो.

गुरुवारी चकत्या आल्या. चार सारख्या, एकजात करड्या, दिसायला अगदी गरीब. लेथवाल्याने सुटलेला हब तपासून त्याचे बोल्ट बदलले. मिस्त्रीने चारही हब तारेच्या ब्रशने असे घासले, की सातुर्निनाने 'हा पातेली घासायला ठेवावा' असा विचार केला. चकती बसवली, बोटाने हलवून पाहिली, हलली नाही. नट हाताने फिरवले, मग समोरासमोर, आळीपाळीने, आणि शेवटी लांब दांड्याच्या पान्याने. हा पाना ठरलेला जोर आला की 'टक्' म्हणतो. निकानोरला तो आवाज इतका आवडला की त्याने आणखी एक टक् मागितला.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "जास्त आवळलं की तुटतं."

"हे लग्नाआधी कोणी सांगितलं नाही," सिरिलो म्हणाला. बायकोची कबुली ऐकल्यापासून तो जरा धीट झाला होता.

शुक्रवारी सकाळी दाखला मिळाला, दुसरी पिवळी फाइल घेतली, परवान्यावर शिक्का पडला. मग ऐंशी किलोमीटर. मोठ्या रस्त्याने चाळीस जायचं आणि चाळीस यायचं. चारही मानकरी हट्टाने गाडीत बसले, कारण कुणालाच दुसऱ्याच्या भरवशावर आपलं चाक सोडायचं नव्हतं. मास्तर दर दहा किलोमीटरला आकडा वाचत होते. पठारावर लांब मानेचे, लोकरीचे लामा चरत उभे होते. ते गाडीकडे मागून बघत होते आणि काही म्हणत नव्हते, हे सातुर्निनाने लक्षात घेतलं. परत आल्यावर मिस्त्रीने पुन्हा पाना लावला. वीस नटांपैकी तीन पाव फेरा फिरले. सातुर्निनाने ते तीन पाहिले आणि तिला बाकांवरचे ते चार गुडघे आठवले.

शनिवारी पहाटेपासून बायका गाडी सजवायला लागल्या. आधी विणलेली रंगीत वस्त्रं, टपापासून खालपर्यंत, मग त्यांवर चांदीची ताटं, चमचे, नाणी, टाचण्यांनी टाचून. मातेला वर बसवलं. बँडवाल्यांनी ओठ ओले केले. सातुर्निनाने नवा घेरदार झगा सावरला, दहा पावलं मागे गेली आणि यजमानीण म्हणून आपली गाडी पहिल्यांदा नजर भरून पाहिली.

वस्त्रं जमिनीपर्यंत आली होती.

ती चारही बाजूंनी फिरली. सगळीकडून जमिनीपर्यंत. चाळीस वर्षं ती ह्या मिरवणुका बघत आली होती, दरवर्षी अशीच झाकलेली गाडी बघत आली होती, स्वतःच्या हातांनी ही वस्त्रं टाचली होती. प्रिमितिवाच्या गाडीची चाकं गेल्या वर्षी मिरवणुकीत कोणी, कोणी म्हणजे कोणीही, पाहिलेली नव्हती.

तिच्या शेजारी येऊन प्रिमितिवा उभी राहिली. तिनेही बराच वेळ पाहिलं.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "दिसत नाहीत हो."

सातुर्निनाने एकदाच श्वास घेतला. "मानकऱ्यांनी आपापल्या चाकाशी उभं राहायचं," तिने मोठ्याने सांगितलं. "आणि कड वर धरायची. गुडघ्याएवढी. शेवटपर्यंत."

असे ते निघाले. पुढे माता, मागे दोन बँड, आणि गाडीच्या चार कोपऱ्यांना चार माणसं, कमरेत वाकलेली, वस्त्राची कड दोन्ही हातांनी उचलून धरलेली, चिखलातून जाताना बाईने झगा धरावा तशी. खाली एकेक करडी, साधी चकती आणि घट्ट बसलेलं चाक. रस्ता तीन तासांचा होता. पहिल्या चौकातच लोक चांदी सोडून चाकांकडे बघायला लागले, दुसऱ्यात कोणीतरी विचारलं की हा कुठला नवस आहे, आणि तिसऱ्यात मास्तरांची कंबर धरली.

प्रिमितिवा पुढच्या डाव्या चाकाशी होती. सातुर्निना तिच्या बाजूने नाचत चालली होती, टोपी किंचित तिरकी, आणि वाकलेल्या कोमाद्रेकडे ती मुद्दाम बघत नव्हती. चौथ्या चौकात प्रिमितिवाने मान वर केली. घामाने तिच्या वेण्या गालाला चिकटल्या होत्या.

"आता कशी दिसते मागून?" सातुर्निनाने विचारलं.

"मला कसं कळणार," प्रिमितिवा म्हणाली. "मी तर पुढे आहे." आणि कड आणखी बोटभर वर उचलून चालू लागली.